सत्तेच्या तीन शाखा आणि बंगळूरचा बोम्मई खटला

बंगळूरमधील डॉ. आंबेडकर मार्गाच्या एका बाजूस विधानसौधाची भव्य दगडी वास्तू आहे. समोर, रस्ता ओलांडताच, कर्नाटक उच्च न्यायालयाची तांबडी इमारत लागते. १८६८ साली पूर्ण झालेल्या या इमारतीत पूर्वी सरकारच्या अठरा खात्यांची कार्यालये होती. म्हणून तिला 'अट्टारा कचेरी' हे नाव पडले. मराठी वाचकाला त्याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. राज्यपालांचे निवासस्थान असलेले राजभवन येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

या तीन वास्तूंमध्ये २१ एप्रिल १९८९ रोजी जो पेच उभा राहिला, त्याने भारतातील सत्तेच्या वाटणीचा एक मूलभूत नियम घडविला. त्या दिवशी केंद्र सरकारने राज्यघटनेच्या ३५६ व्या कलमाखाली मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांचे सरकार बरखास्त केले व विधानसभा विसर्जित केली. आपल्या बाजूने बहुमत आहे की नाही हे विधानसभेत तपासून पाहावे, अशी बोम्मई यांची मागणी होती. राज्यपालांना त्याची आवश्यकता वाटली नाही. बहुमताचा निवाडा त्यांनी हाती आलेल्या पत्रांवरून केला. तो अधिकार त्यांना होता काय, या प्रश्नाचे अंतिम उत्तर मिळण्यास जवळजवळ पाच वर्षे लागली.

विधिमंडळ कायदे करते, कार्यकारी मंडळ ते अंमलात आणते आणि न्यायसंस्था त्यांचा अर्थ लावते, असे शालेय नागरिकशास्त्रात शिकविले जाते. अमेरिकेच्या बाबतीत हे विधान बरेचसे खरे आहे, भारताच्या बाबतीत मात्र ते अर्धेच खरे आहे. बोम्मई खटला समजून घ्यायचा तर प्रथम हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

वॉशिंग्टनची मांडणी

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली फिलाडेल्फिया येथे तयार झाली आणि १७८९ पासून अंमलात आली. तिचे पहिले कलम संसदेविषयी, दुसरे राष्ट्राध्यक्षांविषयी आणि तिसरे न्यायसंस्थेविषयी आहे. संसदेला तेथे 'काँग्रेस' म्हणतात. प्रतिनिधीगृहाचे ४३५ सदस्य दर दोन वर्षांनी निवडले जातात. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन, असे १०० सदस्य असतात; त्यांची मुदत सहा वर्षांची असून दर दोन वर्षांनी सुमारे एकतृतीयांश जागांसाठी निवडणूक होते. राष्ट्राध्यक्षांची निवड चार वर्षांसाठी होते. त्यांना मतदार थेट निवडत नाहीत. ५३८ सदस्यांचे निर्वाचक मंडळ निवडते आणि विजयासाठी किमान २७० मते लागतात. १९५१ साली संमत झालेल्या बाविसाव्या घटनादुरुस्तीनुसार कोणालाही या पदावर दोनपेक्षा अधिक वेळा निवडून येता येत नाही.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाची तरतूद मात्र फारशी चर्चिली जात नाही. राष्ट्राध्यक्षांच्या हाताखालील कोणताही पदाधिकारी त्याच वेळी संसदेचा सदस्य राहू शकत नाही. सिनेटरला परराष्ट्रमंत्री व्हायचे असेल तर त्याने प्रथम सिनेटचा राजीनामा दिला पाहिजे. मंत्री संसदेत बसत नाहीत आणि संसदेच्या विश्वासावर त्यांचे पदही अवलंबून नसते. अविश्वास ठराव हा प्रकारच तेथे नाही. महाभियोग आहे, पण तो गंभीर अपराधाबद्दल चालविला जातो, बहुमत गेल्याबद्दल नव्हे. प्रतिनिधीगृहाने साध्या बहुमताने आरोप ठेवावेत आणि सिनेटने दोनतृतीयांश मतांनी दोषी ठरवावे, अशी त्याची रीत आहे. अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर १८६८ साली, बिल क्लिंटन यांच्यावर १९९८ साली आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर २०१९ व २०२१ साली असे आरोप ठेवण्यात आले, परंतु सिनेटने एकालाही दोषी ठरविले नाही. रिचर्ड निक्सन यांनी महाभियोग येण्यापूर्वीच ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा दिला. ध्वनिफिती न्यायालयाला सादर कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोनच आठवड्यांपूर्वी दिला होता.

प्रत्येक शाखेच्या हाती दुसरीला अडविण्याचे साधन देण्यात आले आहे. संसदेने संमत केलेले विधेयक राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरून परत पाठवू शकतात, तर दोन्ही सभागृहे दोनतृतीयांश मतांनी तो नकार मोडून काढू शकतात. तहांना सिनेटची दोनतृतीयांश संमती लागते, न्यायाधीशांच्या व मंत्र्यांच्या नेमणुकांनाही सिनेटची मान्यता लागते. घटनेशी विसंगत कायदा रद्द ठरविण्याचा अधिकार घटनेत स्पष्ट शब्दांत लिहिलेला नाही. १८०३ सालच्या 'मार्बरी विरुद्ध मॅडिसन' या खटल्यात न्यायालयाने तो स्वतःचा असल्याचे सांगितले आणि तेव्हापासून तो मान्य झाला. कोरियन युद्धाच्या काळात, १९५२ साली, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद कारखाने सरकारी ताब्यात घेतले. संसदेने असा अधिकार दिलेला नाही, असे सांगून न्यायालयाने ते परत करावयास लावले.

या व्यवस्थेत सरकार अडते, पण पडत नाही. खर्चाचे विधेयक संमत झाले नाही तर कार्यालये बंद होतात आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबतात. २०१८-१९ च्या हिवाळ्यात असे ३५ दिवस झाले, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ४३ दिवस. राष्ट्राध्यक्ष दोन्ही वेळी पदावर कायम होते. भारतात एखाद्या राज्याचा अर्थसंकल्प सभागृहात फेटाळला गेला, तर ते सरकार त्याच सायंकाळी राजीनामा देईल.

एकाच छताखाली

बंगळूरच्या विधानसौधाची कोनशिला १३ जुलै १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बसविण्यात आली. केंगल हनुमंतय्या यांच्या पुढाकाराने इमारत उभी राहिली आणि १९५६ साली पूर्ण झाली. तिच्यात विधानसभा व विधान परिषद आहे, तसेच मुख्यमंत्र्यांचे कार्यालय आणि मंत्र्यांची दालनेही आहेत. वॉशिंग्टनमध्ये संसद आणि राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान यांच्यात दोन किलोमीटरहून अधिक अंतर आहे. बंगळूरमध्ये कायदे करणारे आणि राज्य चालविणारे एकाच जिन्याने वर जातात. ही केवळ इमारतीची सोय नाही. संसदीय पद्धतीत कार्यकारी मंडळ विधिमंडळातूनच निर्माण होते, त्यातच बसते आणि त्याच्या विश्वासावर जगते. मंत्री आमदार नसेल तर त्याला सहा महिन्यांच्या आत विधिमंडळाचे सदस्य व्हावे लागते. अमेरिकेत जी गोष्ट निषिद्ध आहे, ती येथे बंधनकारक आहे.

घटना समितीपुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या निवडीचे कारण स्पष्ट केले होते. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक आणि उत्तरदायित्व कमी, तर संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व अधिक आणि स्थैर्य कमी; भारताने उत्तरदायित्वाला अधिक मोल दिले, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. अमेरिकेत सरकारची परीक्षा ठरावीक काळाने होते. येथे प्रश्न, ठराव आणि चर्चा यांच्याद्वारे ती रोज होत राहते.

परीक्षा रोजची म्हटली की परीक्षक कोण, हा प्रश्न आलाच.

कर्नाटक विधानसभेत २२४ जागा आहेत आणि विधान परिषदेत ७५. परिषदेच्या सदस्यांची मुदत सहा वर्षांची असून दर दोन वर्षांनी एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात. हे गणित अमेरिकी सिनेटचेच आहे, परंतु साम्य तेथेच संपते. सिनेट विधेयक कायमचे रोखू शकते. विधान परिषद साधे विधेयक प्रथम तीन महिने आणि दुसऱ्या वेळी एक महिना लांबवू शकते, तर धन विधेयक केवळ चौदा दिवस. सरकार पाडण्याचा अधिकार तिला नाही. सरकारचा प्राण विधानसभेत आहे.

यांच्या जोडीला असतात राज्यपाल. अमेरिकेतही प्रत्येक राज्याला राज्यपाल असतो. पण ही दोन पदे केवळ नावापुरती सारखी आहेत. अमेरिकी राज्यपाल हा त्या राज्याच्या मतदारांनी निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो, म्हणजे आपल्याकडील मुख्यमंत्र्याच्या जवळ जाणारा. वॉशिंग्टनमधील राष्ट्राध्यक्ष त्याला नेमू शकत नाहीत आणि काढूही शकत नाहीत. भारतात राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती, म्हणजे प्रत्यक्षात केंद्र सरकार, करते. एरवी त्याला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे लागते. मात्र राज्याचा कारभार घटनेनुसार चालू शकत नाही असा अहवाल त्याने दिला, तर ३५६ व्या कलमाखाली निवडून आलेले सरकार दूर होऊ शकते. अमेरिकी घटनेत याला समांतर अशी तरतूद नाही.

हे कलम क्वचितच वापरले जाईल, किंबहुना ते कागदावरच राहील, अशी आशा डॉ. आंबेडकर यांनी घटना समितीत व्यक्त केली होती. प्रत्यक्षात १९९४ पर्यंत ते नव्वदहून अधिक वेळा वापरले गेले.

एप्रिल १९८९

कर्नाटकात १९८५ च्या निवडणुकीत रामकृष्ण हेगडे यांच्या नेतृत्वाखाली जनता पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले होते. दूरध्वनी चोरून ऐकल्याच्या प्रकरणावरून हेगडे यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये राजीनामा दिला आणि १३ ऑगस्ट रोजी बोम्मई मुख्यमंत्री झाले. त्यानंतर जनता पक्षाचे रूपांतर जनता दलात झाले. केंद्रात त्या वेळी राजीव गांधी यांचे काँग्रेस सरकार होते.

बोम्मई यांनी १५ एप्रिल १९८९ रोजी मंत्रिमंडळात तेरा जणांची भर घातली. मंत्रिमंडळाच्या विस्ताराने नाराजी शमण्याऐवजी वाढावी, हा अनुभव महाराष्ट्रालाही नवा नाही. १७ एप्रिल रोजी जनता दलाचे एक आमदार के. आर. मोळकेरी यांनी राज्यपाल पी. वेंकटसुब्बय्या यांच्याकडे पाठिंबा काढून घेतल्याचे पत्र दिले आणि दुसऱ्या दिवशी १९ आमदारांची तशीच पत्रे सादर केली. १९ एप्रिल रोजी राज्यपालांनी राष्ट्रपतींना अहवाल पाठविला: मुख्यमंत्र्यांनी बहुमत गमावले आहे, अन्य कोणताही पक्ष सरकार बनविण्याच्या स्थितीत नाही.

दुसऱ्याच दिवशी चित्र बदलले. त्या १९ पैकी सात आमदारांनी, आपल्या सह्या दिशाभूल करून घेण्यात आल्या होत्या, असे लेखी कळवून सरकारला पाठिंबा जाहीर केला. मंत्रिमंडळाने २७ एप्रिल रोजी विधानसभेचे अधिवेशन बोलाविण्याचे ठरविले. हवे तर ते आणखी अलीकडे घेऊ, असेही बोम्मई यांनी राज्यपालांना कळविले. राज्यपालांनी २० एप्रिल रोजी दुसरा अहवाल पाठविला. त्यात, आमदारांवर दबाव आणला जात असून घोडेबाजार सुरू आहे, आपले मत बदलण्याचे कारण नाही, असे त्यांनी लिहिले. २१ एप्रिल रोजी राष्ट्रपती राजवटीची उद्घोषणा झाली.

अवघे सहा दिवस थांबायचे होते. या खटल्याचे मर्म त्या सहा दिवसांत आहे. घोडेबाजाराची भीती खोटी होती असे नव्हे. तीस वर्षांनंतरही ती खरी ठरल्याचे पुढे दिसेल. पण त्या भीतीवरचा उपाय मतदान लवकर घेणे हा होता, मतदानच टाळणे हा नव्हे.

बोम्मई यांनी रस्त्यापलीकडच्या उच्च न्यायालयात धाव घेतली. तेथील तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठाने त्यांची याचिका फेटाळली. राज्यपालांच्या अहवालातील तथ्ये गैरलागू म्हणता येत नाहीत आणि सभागृहातील चाचणी ही अहवालापूर्वीची अनिवार्य पायरी नाही, असे मत त्या पीठाने दिले. दरम्यान, १९८९ च्या अखेरीस राज्यात निवडणूक झाली, काँग्रेसला मोठे बहुमत मिळाले आणि वीरेंद्र पाटील मुख्यमंत्री झाले. बोम्मई यांच्या खुर्चीचा प्रश्न राजकारणाने निकालात काढला होता. उरला होता तो घटनेचा प्रश्न.

११ मार्च १९९४

अपील सर्वोच्च न्यायालयात गेले, तोवर आणखी प्रकरणे जमा झाली होती. नागालँड आणि मेघालय येथील सरकारांच्या बरखास्तीचे वाद होते. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर १५ डिसेंबर १९९२ रोजी मध्य प्रदेश, राजस्थान व हिमाचल प्रदेशची सरकारे दूर करण्यात आली होती, तेही खटले होते. या सर्वांची एकत्र सुनावणी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे झाली. निकाल ११ मार्च १९९४ रोजी लागला. सहा स्वतंत्र निकालपत्रे आहेत, त्यामुळे बहुमत नेमके कोणत्या मुद्द्यावर आहे हे शोधावे लागते. प्रमुख निकालपत्रांपैकी एक मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी स्वतःच्या व न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या वतीने लिहिले. दुसरे न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी यांचे आहे.

मंत्रिमंडळाला बहुमत आहे की नाही, हे ठरविण्याची जागा सभागृह हीच आहे. राज्यपालाचे वा राष्ट्रपतींचे खाजगी मत त्याची जागा घेऊ शकत नाही. सभागृहात मुक्त मतदान अशक्य व्हावे इतका सर्वव्यापी हिंसाचार माजला असेल, तरच याला अपवाद करता येईल. या मुद्द्यावर कर्नाटक सरकारची बरखास्ती घटनाबाह्य ठरली.

निकालाचे दुसरे अंग न्यायालयाच्या स्वतःच्या अधिकाराविषयी आहे. मंत्रिमंडळाने राष्ट्रपतींना काय सल्ला दिला हे न्यायालय विचारू शकत नाही. परंतु ज्या माहितीच्या आधारे निर्णय झाला ती माहिती मागवू शकते आणि ती विषयाशी सुसंगत होती काय, हेतू दूषित होता काय, हे तपासू शकते. उद्घोषणा अवैध ठरली तर सरकार व विधानसभा पुन्हा स्थापित करता येते. तसे करणे शक्य राहावे म्हणून, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मान्यता देईपर्यंत विधानसभा विसर्जित न करता केवळ स्थगित ठेवावी, असेही न्यायालयाने सांगितले. ही शेवटची अट वरकरणी तांत्रिक वाटते, पण व्यवहारात तिनेच सर्वाधिक फरक पाडला. मध्य प्रदेश, राजस्थान व हिमाचल प्रदेश येथील बरखास्ती मात्र न्यायालयाने वैध ठरविली. धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग असल्याचे त्या संदर्भात नमूद केले.

बोम्मई यांना प्रत्यक्षात काहीच परत मिळाले नाही. ते पुढे केंद्रात मंत्री झाले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. राज्यघटनेच्या अभ्यासकांच्या तोंडी त्यांचे नाव मुख्यमंत्री म्हणून क्वचित येते, खटल्याचे नाव म्हणून नेहमी येते.

निकालाचा उपयोग पुढे अनेकदा झाला. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची केंद्राची शिफारस १९९७ साली राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी फेरविचारासाठी परत पाठविली. १९९९ साली बिहारमधील राजवट राज्यसभेत बहुमत नसल्याने केंद्राला मागे घ्यावी लागली. विधानसभा स्थगितच असल्यामुळे जुने सरकार पुन्हा येऊ शकले. उत्तराखंड उच्च न्यायालयाने त्या राज्यातील राष्ट्रपती राजवट रद्द केली, ती २१ एप्रिल २०१६ रोजी. योगायोगाने बोम्मई सरकारच्या बरखास्तीला त्या दिवशी बरोबर सत्तावीस वर्षे झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली, पण पुढे सभागृहातच चाचणी घ्यावयास लावली आणि हरीश रावत यांनी बहुमत सिद्ध केले.

पुन्हा बंगळूर

नियम ज्या शहरात जन्माला आला, तेथेच त्याची पुढील कसोटीही लागली. कर्नाटक विधानसभेच्या २२२ जागांचे निकाल १५ मे २०१८ रोजी लागले: भारतीय जनता पक्ष १०४, काँग्रेस ७८, धर्मनिरपेक्ष जनता दल ३७, अन्य ३. काँग्रेस व जनता दलाने एकत्र येऊन दावा केला. राज्यपाल वजुभाई वाला यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते बी. एस. येडियुरप्पा यांना पाचारण केले आणि बहुमत सिद्ध करण्यासाठी पंधरा दिवस दिले. काँग्रेस रात्रीच सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती ए. के. सिक्री, शरद बोबडे व अशोक भूषण यांच्या पीठाने १७ मेच्या पहाटेपर्यंत सुनावणी केली, शपथविधी रोखला नाही, पण प्रकरण सोडूनही दिले नाही. १८ मे रोजी आदेश झाला की, दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता सभागृहात चाचणी व्हावी. पंधरा दिवसांचे दोन दिवस झाले. १९ मे रोजी मतदानापूर्वीच येडियुरप्पा यांनी राजीनामा दिला आणि २३ मे रोजी एच. डी. कुमारस्वामी मुख्यमंत्री झाले. १९८९ साली न मिळालेले सहा दिवस आठवले की या दोन दिवसांचे महत्त्व कळते.

मात्र सभागृहात मोजायचे म्हटले तरी मोजायचे कोणाला, हा प्रश्न उरतोच. तेथे चौथे एक आसन पुढे येते: विधानसभा अध्यक्षांचे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आणली आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे सोपविला. अमेरिकेत असा कायदा नाही. जुलै २०१७ मध्ये रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी आपल्याच पक्षाचे आरोग्य विधेयक एका मताने पाडले; त्यांच्या सदस्यत्वाला धक्का लागला नाही, कारण त्या मतावर सरकारचे अस्तित्व अवलंबून नव्हते.

कर्नाटकात जुलै २०१९ मध्ये सत्ताधारी आघाडीच्या आमदारांनी राजीनाम्यांचा मार्ग धरला आणि त्यांतील बरेच जण मुंबईतील हॉटेलात मुक्कामाला आले. अध्यक्ष के. आर. रमेश कुमार राजीनामे तातडीने स्वीकारीत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै रोजी तोल साधणारा आदेश दिला: निर्णय केव्हा घ्यायचा हे अध्यक्षांनी ठरवावे, पण आमदारांवर सभागृहात येण्याची सक्ती करू नये. २३ जुलै रोजी विश्वासदर्शक ठराव ९९ विरुद्ध १०५ मतांनी फेटाळला गेला. त्यानंतर अध्यक्षांनी १७ आमदारांना विधानसभेची मुदत संपेपर्यंत अपात्र ठरविले. यावरील खटला बेळगाव जिल्ह्यातील कागवाडचे आमदार श्रीमंत बाळासाहेब पाटील यांच्या नावाने ओळखला जातो. १३ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, मात्र मुदत घालण्याचा अधिकार अध्यक्षांना नाही असे ठरविले. ५ डिसेंबर रोजी १५ जागांसाठी पोटनिवडणूक झाली, भाजपने १२ जागा जिंकल्या आणि त्यात अनेक अपात्र आमदार पुन्हा निवडून आले. चाचणी सभागृहात झाली, नियम पाळला गेला, तरी मतदानापूर्वी संख्या सभागृहाबाहेर बदलली गेली. बोम्मई निकालाला या रोगावर औषध सापडलेले नाही, हे मान्य केले पाहिजे.

त्याच महिन्यात महाराष्ट्रात तोच नियम लागू झाला. २६ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी बहुमत चाचणीचा आदेश देताच देवेंद्र फडणवीस यांनी राजीनामा दिला. जून २०२२ मध्ये राज्यपालांनी उद्धव ठाकरे यांना बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. न्यायालयाने चाचणी रोखण्यास नकार दिल्यावर ठाकरे यांनी २९ जून रोजी सभागृहात न जाता राजीनामा दिला. ११ मे २०२३ च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले की, चाचणी बोलाविण्याइतका वस्तुनिष्ठ आधार राज्यपालांपुढे नव्हता. परंतु ठाकरे यांनी स्वतःहून राजीनामा दिला असल्याने त्यांचे सरकार परत आणता येणार नाही. बोम्मई यांना सभागृहात जाऊ दिले गेले नव्हते. ठाकरे यांना ते खुले होते, ते गेले नाहीत, आणि न्यायालयाच्या लेखी हा फरक निर्णायक ठरला.

सीमाप्रश्न कोणी सोडवायचा?

कोणता निर्णय कोणत्या शाखेने घ्यावा, हाच वाद मराठी वाचकांच्या अधिक जवळच्या आणखी एका खटल्यातही आहे. बेळगाव, निपाणी, कारवार यांसह सीमेवरील ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने पुढील वर्षी अहवाल देऊन बेळगाव त्याच राज्यात ठेवण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. कर्नाटक तो अंतिम मानते. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते उद्घाटन झालेले बेळगावचे सुवर्ण विधानसौध हे त्या भूमिकेचे दगडी रूप म्हणता येईल. बंगळूरचे विधिमंडळ हिवाळी अधिवेशनासाठी तेथे जाते. न्यायासाठी मात्र बेळगावकरांना धारवाडच्या खंडपीठाकडे जावे लागते. ते २००८ साली सुरू झाले आणि २०१३ साली कायम झाले.

महाराष्ट्राने २००४ साली घटनेच्या १३१ व्या कलमाखाली थेट सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दोन राज्यांमधील, किंवा केंद्र आणि राज्य यांच्यातील, वाद प्रथम याच न्यायालयात ऐकला जातो. ही कल्पना अमेरिकी घटनेच्या तिसऱ्या कलमातही आहे. न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटाच्या मालकीवरून न्यू जर्सी व न्यूयॉर्क ही राज्ये अशाच रीतीने न्यायालयात गेली आणि १९९८ साली भराव टाकून वाढविलेला बेटाचा मोठा भाग न्यू जर्सीचा असल्याचा निकाल लागला.

साम्य येथेही फार पुढे जात नाही. अमेरिकेत दोन राज्यांच्या संमतीवाचून त्यांच्या भूभागांतून नवे राज्य करता येत नाही. तेथील राज्यांच्या सीमा राज्यांच्या मर्जीने संरक्षित आहेत. भारतात तिसऱ्या कलमानुसार संसद साध्या कायद्याने कोणत्याही राज्याची सीमा बदलू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, ते मानावे लागत नाही. याच कलमावर बोट ठेवून, सीमा ठरविणे हे संसदेचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे, अशी भूमिका कर्नाटकाने घेतली आहे. महाराष्ट्राचे म्हणणे असे की, पुनर्रचना करताना भाषा, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा हे निकष सर्वत्र सारखे लावले गेले नाहीत, आणि तसे झाले काय हे तपासणे न्यायालयाच्या कक्षेत येते. दावा दाखल होऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. निपाणीत वा खानापुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या मुलांची शाळा, सरकारी कागदपत्रांची भाषा आणि मतदानाचा हक्क यांचा या काळातील कारभार बंगळूरच्या विधानसौधातून चालत आला आहे.